तरुण संघात आज कोण आलं नाही?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत तरुण संघाचा अहवाल वाचला जातो, तेव्हा त्यात नाताळचा कार्यक्रम असतो, शिबिर असतं, क्रिकेटचे सामने असतात. किती जण हजर होते तेही सांगितलं जातं. वर्षभरात यायचे थांबले किती, हा आकडा मात्र अहवालात सापडत नाही. तरुणांमध्ये सेवा करणाऱ्याला तोच आकडा नावांसकट पाठ हवा, असं माझं ठाम मत आहे.

हा विचार जुनाच आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क नावाचे पाळक होते. २ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांनी आपल्या मंडळीतल्या मुलामुलींना घेऊन ख्रिश्चन एन्डेव्हर हा संघ सुरू केला आणि थोड्याच वर्षांत तो जगभर पसरला. त्यांनी दोन गोष्टी पहिल्यापासून घालून दिल्या होत्या. सभेला आलेल्या प्रत्येक सभासदानं गाण्याखेरीज काहीतरी भाग घ्यायचाच: बायबलमधलं एक वचन वाचा, एका वाक्याची प्रार्थना करा, पण नुसतं बसून जाऊ नका. आणि संघाच्या समित्यांपैकी एकीचं काम एवढंच, की नवीन कोण येऊ शकेल आणि जुनं कोण गळतंय यावर लक्ष ठेवायचं. क्लार्क काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते अशा प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीचे होते आणि अहमदनगर भागात काम केलेलं अमेरिकन मराठी मिशनही त्याच परंपरेतलं. म्हणजे ही शिस्त आपल्या मंडळ्यांना परकी नाही. आपण समित्या ठेवल्या, खजिनदार ठेवला, सेक्रेटरी ठेवला. लक्ष ठेवणारी समिती तेवढी विसरलो.

तिची जागा एक दोनशे पानी वही भरून काढते. प्रत्येक मुलाला एक ओळ: नाव, इयत्ता किंवा काम, आईवडिलांचा फोन, आणि शेवटच्या रकान्यात संघातल्याच दुसऱ्या मुलाचं नाव, जो याची विचारपूस करणार. सभेचा एक शनिवार चुकला तर काही करू नका, घरात पाहुणे असतात, पाऊस असतो. सलग दोन चुकले, की त्या दुसऱ्या मुलानं बुधवारच्या आत फोन करायचा किंवा भेटायचं. तीन चुकले तर नेत्यानं घरी जायचं. घरी गेल्यावर ‘का येत नाहीस?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ‘क्लास होता’ हेच येतं आणि बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी काहीतरी काम घेऊन जा: पुढच्या शनिवारी ढोलकी वाजवायला कोणी नाही, तू येशील का?

खरी कारणं ठरलेली असतात आणि ती मुलं सहसा सांगत नाहीत. सभा साडेसातच्या पुढे लांबली की मुली हळूहळू कमी होतात, कारण अंधारात एकटीनं परतायचं असतं. दहावी-बारावीची मुलं जानेवारीपासून गायब होतात आणि परीक्षा संपल्यावर कोणी बोलावलं नाही तर परत येत नाहीत. संघातल्याच दोघांचं जमलेलं मोडलं, की त्यातलं एक जण कायमचं जातं. कंपनीत लागलेल्या मुलाची पाळी दर आठवड्याला बदलते. आणि सगळ्यात जास्त निसटणारं कारण पैशाचं. शिबिराची फी जाहीर झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत जो मुलगा गप्प होऊन यायचा थांबतो, त्याच्या घरी बहुधा तेवढे पैसे नसतात. सभेत उभं राहून ‘ज्यांना अडचण आहे त्यांनी सांगा’ म्हटल्यानं कोणीही सांगत नाही. फी पाकिटात घालून द्यायची पद्धत ठेवा, पाकिटावर नाव असू दे, रक्कम नसू दे, आणि मोजणारी माणसं दोनच, तोंडाची घट्ट. कमी पडलेली रक्कम मंडळीतल्या दोन-चार कुटुंबांकडून आधीच मागून ठेवलेली असावी.

सभा सव्वा तासाच्या पुढे नको. पंधरा मिनिटं गायन, अर्धा तास शास्त्राभ्यास (बायबलचा अभ्यास), दहा-पंधरा मिनिटं प्रार्थना आणि उरलेला वेळ चहाला. चहा कापायचा नाही. दाराशी कप हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडून जे कळतं, ते वर्तुळात बसून कधी कळत नाही.

गायनाचं थोडक्यात. मुलांना यूट्यूबवरची हिंदी-इंग्रजी गाणी पाठ असतात आणि मोठ्यांना ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली. यावरून भांडत बसण्यापेक्षा महिन्याला एकच जुनं पद घ्या आणि चारही शनिवारी तेच गा. ना. वा. टिळकांचे अभंग टाळ-ढोलकीवर बसवले की मुलांना ते आवडतात. रटाळ होतात ते पेटीवर ओढत गायल्यामुळे. तेरा ते पंधरा वयात मुलांचे आवाज फुटत असतात. सूर उंच धरला की ती ओठ हलवतात आणि गप्प राहतात. पेटीवाल्याला दोन पट्ट्या खाली यायला सांगा.

शास्त्राभ्यासावर मात्र खरी मेहनत घ्या, कारण बहुतेक संघ इथंच मरतात. मरण्याचं कारण एकच: नेता उपदेश करतो. मुलांनी तो रविवारी ऐकलेलाच असतो, तोही जास्त तयारीनं केलेला. आठ जणांच्या वर गट झाला की दोघंच बोलतात आणि बाकीचे फरशी बघतात, म्हणून वीस मुलं आली तर तीन गट करा, प्रत्येक गटाला एक मोठा मुलगा किंवा मुलगी द्या. पहिल्या वर्षासाठी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्यावं. सोळा अध्याय, छोटे प्रसंग, भराभर पुढे जाणारी गोष्ट. जूनमध्ये सुरू केलं की दिवाळीपर्यंत पुरं होतं. पाठांतराला जुनं भाषांतर चांगलं, पण आठवीतल्या मुलाला गटात मोठ्यानं वाचायला द्यायचं असेल तर सोप्या मराठीतली प्रत बरी. अडखळत वाचावं लागलं तर तो पुढच्या वेळी कोपऱ्यात बसतो.

दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणसाचा प्रसंग घ्या. चौघं जण त्याला खाटेवर घेऊन येतात, दारात गर्दी, मग ते वर चढून छप्पर उकरतात आणि त्याला खाली सोडतात. इथं नेत्यानं आधी घराचं चित्र उभं करावं. त्या काळच्या पॅलेस्टाईनमधलं साधं घर म्हणजे वर लाकडी वासे, त्यावर काटक्या-फांद्या आणि वरून मातीचा थर. नगर-मराठवाड्याकडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. आजोबांचं धाब्याचं घर त्यांनी पाहिलेलं असतं. मग पहिले प्रश्न फक्त दिसणाऱ्या गोष्टींचे: खाली बसलेल्यांच्या अंगावर काय पडलं असेल? घरमालक काय म्हणाला असेल? उकरायला किती वेळ लागला असेल? हे प्रश्न सोपे आहेत म्हणून सोडू नका. ज्या मुलानं आजवर तोंड उघडलं नाही, तो इथं उघडतो, कारण चुकायची भीती नसते. त्यानंतर अर्थाचा एकच प्रश्न: येशूनं कोणाचा विश्वास पाहिला? मुलं झटकन ‘आजाऱ्याचा’ म्हणतात. पुन्हा वाचायला लावा. वचनात ‘त्यांचा’ आहे. शेवटचा प्रश्न आपल्यावर यावा: आपल्या संघात सध्या उचलून आणावं लागेल असं कोण आहे, आणि चौघं कोण?

प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. शांततेला घाबरून नेता स्वतःच उत्तर देतो आणि मुलांना कळतं, की थोडं गप्प बसलं की सुटका होते.

कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) काम करणाऱ्यांना आधी दिसणारं, मग अर्थ, शेवटी आपण, ही तीन पायऱ्यांची रीत ओळखीची वाटेल. बेल्जियमचे धर्मगुरू जोझेफ कार्दाइन यांनी १९२० च्या दशकात कामगार तरुणांसाठी ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत रुजवली. त्यांची सुरुवात तरुणाच्या रोजच्या जगण्यातून होते आणि शुभवर्तमान त्या प्रकाशात उघडतं. अधूनमधून त्या बाजूनंही सुरुवात करून पाहावी, विशेषतः नोकरी करणाऱ्या मुलांच्या गटात.

महिन्यातून एकदा प्रश्नपेटी ठेवा. चिठ्ठ्या, सगळ्यांना एकच पेन, नाव नाही, आणि प्रत्येकानं काहीतरी लिहूनच टाकायचं, मग ते ‘प्रश्न नाही’ असलं तरी चालेल; नाहीतर कोण लिहितंय हे दिसतं. जे बाहेर येतं त्याची तयारी हवी. प्रार्थना करूनही आई गेली, मग देव ऐकतो का? बाबा रविवारी देवळात (चर्चमध्ये) विश्वासाची साक्ष देतात आणि घरी पितात, हे कसं? दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी लग्न केलं तर मंडळी काढून टाकेल का? यातल्या प्रत्येकाला लगेच वचन काढून दाखवू नका. ‘यावर मी पाळकसाहेबांशी बोलून पुढच्या शनिवारी सांगतो’ हे चांगलं उत्तर आहे, पण पुढच्या शनिवारी खरोखर सांगितलं पाहिजे. जगावंसं वाटत नाही अशी चिठ्ठी आली, तर त्या दिवशी सभा झाल्यावर घाईनं कुलूप लावून निघू नका. ‘आज ज्यानं जड मनानं काही लिहिलं असेल त्याच्यासाठी मी इथं थांबतोय’ एवढं सगळ्यांसमोर सांगा. बोलायला आलेल्याला स्पष्ट विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सामील करून घ्या, डॉक्टरकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. प्रार्थना सोबत हवीच, उपचारही हवेत.

एक विषय आपल्याकडचे संघ टाळतात: जातीचे दाखले. महाराष्ट्रातल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांची मुळं दलित समाजात आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. त्यामुळे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एकाच आळीतल्या, एकाच पूर्वजांच्या दोन मुलांच्या हातात वेगवेगळे कागद असतात आणि काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म व देवळाच्या वहीत दुसरा. सोळा वर्षांच्या मुलाला याची लाज वाटते, रागही येतो, आणि तो राग तो मंडळीवर काढतो. तरुण संघानं वर्षातून एक शनिवार यासाठी द्यावा. मंडळीतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा तहसील कार्यालयात काम केलेला माणूस बोलवावा. कोणते दाखले कायदेशीरपणे मिळतात, अल्पसंख्याक म्हणून कोणत्या योजना आहेत, कागद कधी काढायला सुरुवात करायची, हे मे महिन्याआधी सांगावं. आणि खोटा कागद काढू नकोस हेही सांगावं, पण ज्याच्या घरी आधीच तसं घडलंय त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडू नये.

शिबिराबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण सगळा पैसा आणि जोर तिथं जातो.

चाळीस मुलांचं दोन रात्री, तीन दिवसांचं शिबिर ही एका मंडळीला झेपणारी मर्यादा. दर आठ मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस, मुलींबरोबर बायका, आणि स्वयंपाकाची माणसं यात धरायची नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत दुसरा आठवडा बरा. मे महिन्यात पाण्याचे हाल होतात आणि लग्नसराई आडवी येते. जेवणाचा अंदाज चुकतो तो भातात. माणशी एका वेळेला शंभर ते सव्वाशे ग्रॅम तांदूळ, म्हणजे चाळीस जणांना चार ते पाच किलो. पोळ्या असतील तर तीन किलोच पुरे. डाळ दोन किलोच्या आसपास. पहिल्या रात्री मुलं कमी खातात आणि दुसऱ्या दुपारी दुप्पट, हे धरून चला. पिण्याचं पाणी उकळून किंवा जारचंच. शिबिरातल्या जुलाबाचं मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीत असतं. प्रत्येकाकडून पालकांच्या सहीचा कागद घ्या आणि त्यावर दमा, फिट, औषधं, कशाची ॲलर्जी हे लिहून घ्या. विहीर, नदी, धरण, समुद्र यांत उतरायचं नाही. पोहता येणारी मुलं हट्ट धरतात, तरीही नाही.

वेळापत्रकात सकाळी सहाची प्रार्थना, मग चार भाषणं, रात्री अकराला शेकोटी असं कोंबलं की दुसऱ्या दिवशी मुलं झोपेत असतात. दिवसाला दोनच भाषणं, प्रत्येकानंतर गटचर्चा, दुपारी दोन तास मोकळे.

आता समर्पणाची सभा, म्हणजे आयुष्य येशूला द्यायचं का हे मुलांना विचारणारी. आपल्याकडे ती शेवटच्या रात्री, शेकोटीशी, हळू वाजणाऱ्या गिटारच्या साथीनं होते. वक्ता हात वर करायला सांगतो, एक मुलगी रडायला लागते, मग शेजारची, आणि अर्ध्या तासात सगळेच उभे असतात. त्यातल्या काहींच्या आयुष्यात त्या रात्री खरंच देव काम करतो, यात मला शंका नाही. पण थकव्यानं आणि शेजारच्याकडे बघून उभं राहिलेलं मूल घरी जाऊन आठवड्याभरात पूर्वीसारखंच होतं, आणि मग ठरवतं की हे आपल्याला जमण्यातलं नाही. पुढच्या शिबिराला ते येत नाही, आलं तरी मागे बसतं. म्हणून ही सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवणाआधी घ्या. हात वर करायला न सांगता कागद द्या; ज्याला बोलायचंय त्यानं नाव लिहावं. रात्री जेवणानंतर गटनेत्यांनी त्या मुलांशी एकेकट्यानं, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून बोलावं. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी गेल्यावरच्या गोष्टी बोला: कोणाची माफी मागायची, कुठली सवय सोडायची, रोज काय वाचायचं. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्याकडे प्रेमानं पाहतो, पण त्याला थांबवायला मागे धावत नाही, अट सोपीही करत नाही. ज्या मुलानं ‘अजून नाही’ म्हटलं, त्याच्याशी शिबिरानंतरही तसंच मायेनं वागा.

शिबिराचा खरा निकाल नंतरच्या सहा आठवड्यांत लागतो. त्या सहा शनिवारांचं नियोजन शिबिराला निघण्याआधी कागदावर हवं. बहुतेक ठिकाणी होतं उलटं: कार्यकर्ते दमलेले, हिशोब अपुरा, म्हणून पुढचा शनिवार रद्द. आणि नेमका तोच शनिवार असतो, ज्या दिवशी कधी न येणारी पाच मुलं दाराशी येऊन कुलूप बघून परत जातात.

दुसऱ्या धर्माच्या घरातली मुलं मित्रांबरोबर येतात. त्यांचं स्वागतच आहे, पण अठराच्या आतल्या मुलाच्या आईवडिलांना आपण कोण, कुठं, काय करतो हे माहीत असल्याशिवाय त्याला शिबिराला नेऊ नका. फोन पुरत नाही, घरी जाऊन भेटा. लपवून केलेल्या गोष्टीनं त्या मुलाचं घर मोडतं.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल इथं कसलीही सवलत नाही. अठराच्या आतल्या मुला-मुलीबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, गाडीवर एकटीला सोडायला जायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत. व्हॉट्सॲप गटात दोन मोठी माणसं हवीत आणि निरोप गटावरच. ही बंधनं प्रत्येकाला, पाळकांच्या मुलालाही. एखाद्या मुलानं अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. हा विषय पंचांच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांच्या) बैठकीत आपसात मिटवायचा नसतो. मंडळीचं नाव राखण्यासाठी लेकराला गप्प बसवणं हे पाप आहे, आणि ते याच शब्दात पंचांना सांगायची हिंमत युवा नेत्यात हवी.

नेतृत्वाबद्दल एवढंच: दोन वर्षांत पायउतार व्हा. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलांना मे महिन्यातल्या सुट्टीच्या पवित्र शास्त्र शाळेत लहानांना शिकवायला लावा, एकोणिसाव्या वर्षी एक गट द्या. पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला अध्यक्ष कितीही भला असला तरी त्याच्यासमोर वीस वर्षांची मुलगी सूचना मांडत नाही. तेरा ते सतरा आणि अठरा ते पंचवीस हे गटही वेगळे बसवा. एकत्र बसवले तर मोठ्यांना कंटाळा येतो आणि लहान गप्प राहतात.

सगळ्यात मोठी गळती जून-जुलैमध्ये होते. बारावी झालेली मुलं पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला जातात. वसतिगृह, नवे मित्र, रविवारची झोप. पहिल्या महिन्यात तिथल्या देवळाची पायरी चढली नाही, तर पुढं चढणं अवघड जातं. म्हणून ‘तिथं गेल्यावर चर्च शोध’ हा सल्ला पुरेसा नाही. मूल निघण्याआधी तिथल्या मंडळीच्या पाळकांना किंवा तरुण संघाच्या नेत्याला आपण फोन करायचा, मुलाच्या संमतीनं. त्यात सांगायचं: नाव, कोणत्या कॉलेजात, राहायला कुठं, दृढीकरण (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) झालंय का, काय येतं (पेटी, तबला, लहान मुलांना शिकवणं) आणि कोणत्या रविवारी पहिल्यांदा येईल. पहिल्या रविवारी त्याच्या वयाच्या कोणीतरी त्याला वसतिगृहाच्या फाटकावरून घेऊन जावं, अशी विनंती करायची. त्या सोमवारी आपण मुलाला फोन करायचा, आणि वहीत त्याची ओळ न खोडता नव्या गावाचं नाव लिहायचं. शहरातल्या मंडळ्यांनी हेच उलट बाजूनं करावं: जुलैच्या पहिल्या रविवारी दारात दोन तरुण उभे करावेत, एकट्यानं आलेल्या अनोळखी मुलाला नाव विचारायला आणि उपासनेनंतर जेवायला घरी न्यायला.